पाणी जास्त असेल ते

तीन हॉटेलं मी निवडून ठेवली होती.
मस्कतमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावर, एसीच्या घरघरीत,
लॅपटॉप उशीवर टेकवून
बाबांना एकेक दाखवत होते.
बँकेत बोनस मिळाला होता, आणि त्यांचा नवा गुडघा
आता जिना चढायला लागला होता.
म्हटलं, वाळूत नेऊया. माणसाला
आपल्या मुलखात जावंसं वाटतंच.
असं मीच ठरवलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं.

पहिलं : बिदिया गावात टायरची हवा कमी करायची
आणि तिथून पुढे चाळीस मिनिटं.
शेळीच्या केसांचा तंबू. वीज नाही. कंदील.
जमिनीवर गादी, सकाळी राखेत भाजलेली भाकर.
रात्रीचे तीनशे दहा रियाल.
बाबांनी आकडा मला दोनदा वाचायला लावला.
"एवढ्यात तुझ्या आईचं मेहर झालं होतं.
वर एक उंटीण."
चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.
"एकवीस वर्षं मी असाच राहिलो, थुरैया.
कुणी एक बैसा मागितला नाही."

दुसऱ्यात दर गुरुवारी 'बदू संध्याकाळ'.
फोटोत दाढीवाला म्हातारा कॉफी ओततोय,
मागे मावळतीचा लाल रंग, जरा जास्तच लाल.
बाबा स्क्रीनला नाक लावून म्हणाले,
"हा नबहान! सुहैलचा धाकटा!
दल्ला उजव्या हातात धरलाय बघ गाढवाने."
आणि इतके हसले
की शेजारच्या खोलीतून आई विचारत आली.

मी पहिल्याचीच बाजू घेत राहिले.
घाफच्या झाडाचा फोटो मोठा करून दाखवला,
दुबेळक्याचं, एका अंगाला वाकलेलं.
ओळखलंत?
"झाडासारखं झाड आहे."
पण तुमचा जन्म तिथेच कुठेतरी
"वाळू काय बसून राहते?
मी जन्मलो ती टेकडी कुठल्या कुठे गेली असेल.
माझ्यापेक्षा जास्त फिरली ती."

मग तिसरं उघडलं. हे मी यादीत
उगाच ठेवलं होतं, संख्या भरायला.
प्रत्येक खोलीला स्वतःचा तलाव, काचेची भिंत,
आत संगमरवरी टब, चारशे लिटरचा,
आणि टबातून दिसणारं वाळवंट.
मला ते जरा लाजिरवाणंच वाटत होतं.
बाबा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.
विहीर अर्ध्या दिवसावर होती, हे मला ठाऊक होतं.
आजी भांडी वाळूने घासायची, वजूही कितीदा वाळूचाच,
आणि मशकीतलं शेवटचं पाणी आधी उंटिणीला, मग पोरांना.
हे सगळं ऐकलेलं होतं. ऐकून ऐकून
गोष्टीसारखं गुळगुळीत झालं होतं.

"चारशे," बाबा म्हणाले.
"एका माणसाला?"
हो.
"आणि नंतर ते सोडून देतात?"
हो, बाबा.
त्यांनी बोट त्या टबाच्या काठावर ठेवलं,
स्क्रीन हलली, टब वर सरकला, त्यांनी तो परत खाली आणला.
"ज्यात पाणी जास्त असेल ते घे."

घेतलं. दोन रात्री.
'विशेष विनंती'च्या रकान्यात त्यांनी सांगितलं ते लिहिलं :
दार पूर्वेला नको, पहाटे उन्हं डोळ्यांत येतात.
उशीचे सहा प्रकार होते. ते म्हणाले, कुठलीही,
मान तीच आहे.

आज सकाळी बॅगा ठेवायला खाली गेले
तर डिकीत वीस लिटरचा कॅन, तोंडापर्यंत भरलेला,
झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून.
वर येऊन म्हटलं, बाबा, अहो तिथे चारशे लिटरचा टब आहे.
ते चपलेचा पट्टा लावत होते,
नवा गुडघा पुढे, जुना मागे.
"तिथे असेल," म्हणाले.
"वाटेत?"